रीत आणि उत्तर

प्राथमिक शाळेत गणित शिकवणाऱ्या माणसाला एक गोष्ट फार लवकर कळते : उत्तर बरोबर आले म्हणजे गणित बरोबर झालेच असे नाही. एखादा मुलगा वजाबाकीच्या जागी बेरीज करतो, पुढे भागाकारात आणखी एक घोटाळा करतो. दोन्ही चुका एकमेकींना गिळून टाकतात आणि खाली उत्तर येते ते नेमके पुस्तकाच्या शेवटच्या पानावर छापलेले! असा मुलगा मोठ्या ऐटीने वही पुढे करतो. 'बाळ, तुझे गणित चुकले आहे,' असे त्याला सांगणे हे मास्तरकीतले सर्वांत अवघड काम होय. तो वहीच्या पानाकडे बघतो, पुस्तकाच्या पानाकडे बघतो, आणि मग मास्तरांकडे असा काही बघतो की, मास्तरच अन्यायी ठरावेत.

शाळेत निदान रीतीला वेगळे गुण असतात. शाळेबाहेरच्या जगात तशी सोय नाही. तिथे सगळा हिशेब उत्तरावर. ज्याचे निभावले तो शहाणा, ज्याचे बिघडले तो मूर्ख. हा न्याय योग्य आहे काय, हा प्रश्न मला गेली दोन वर्षे छळतो आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. नीतिशास्त्राच्या मोठमोठ्या ग्रंथांशी माझा परिचय बेताचाच. शिवाय गंमत अशी की, हा प्रश्न माझ्यापुढे आला तो आमच्या गावातल्या कुठल्या घटनेने नव्हे. तो आला थेट आल्प्स पर्वतातल्या एका बर्फाच्या उतारावरून.

माझा एक जुना विद्यार्थी इंजिनिअर होऊन स्वित्झर्लंडमध्ये झुरिकला नोकरी करतो. तिथे त्याला एक नाद लागला. पायांना स्की, म्हणजे लांब अरुंद फळ्या, बांधून बर्फावरून घसरण्याचा खेळ आपण सिनेमात पाहिलेला असतो. तिथे पाळण्यात बसून वर जायचे आणि आखून दिलेल्या वाटेने खाली यायचे. याचा नाद त्याहून निराळा. हे लोक पाळण्यांच्या वाटेला जात नाहीत. स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवतात. पूर्वी त्या सील नावाच्या प्राण्याच्या कातड्याच्या असत, आता मोहेर लोकरीच्या किंवा नायलॉनच्या असतात. केसांचा कल मागच्या बाजूला असल्यामुळे स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही. असे पाऊल पाऊल चढत, तासाला तीनचारशे मीटर उंची गाठत, हे लोक शिखराजवळ जातात, पट्ट्या काढून पिशवीत टाकतात आणि जिथे कोणी वाट आखलेली नाही अशा उभ्या उतारावरून खाली येतात. चार तासांच्या चढणीचे मोल वीस मिनिटांच्या उतरणीत वसूल होते, असे त्यांचे म्हणणे.

हा नाद काही आजचा नाही. शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉइल पत्नीच्या क्षयावर उपचार करण्यासाठी दाव्होसला राहिले होते. १८९४ सालच्या मार्चमध्ये तिथल्या दोघा भावांबरोबर सुमारे २,४४० मीटर उंचीची खिंड ओलांडून ते स्कीवरून आरोसा गावी पोहोचले. खाली येताना काही उतार या थोर लेखकाने चक्क बसून पार केला, आणि त्यात आपल्या जाड ट्वीडच्या विजारीचे काय हाल झाले याचे विनोदी वर्णन त्यांनी स्वतःच पुढे मासिकात लिहिले.

या खेळाचा खरा हंगाम वसंतातला, आणि त्यातली मौज समजली तरच त्यातला धोका समजेल. मार्च-एप्रिलमध्ये दिवसा ऊन चढते, वरचा बर्फ विरघळतो. रात्री आभाळ निरभ्र असेल तर जमिनीची ऊब आकाशात निघून जाते आणि तोच बर्फ गोठून दगडासारखा होतो. पहाटे त्यावर पाऊल रुतत नाही, उलट निसटते. मग सूर्य वर येतो. पूर्वेकडचे उतार आधी, दक्षिणेकडचे नंतर, पश्चिमेकडचे सर्वांत शेवटी, असे एकेक उतार मऊ होऊ लागतात. हिवाळ्यात थिजलेल्या तुपाची बरणी उन्हात ठेवली की वरचा बोटभर थर सैल होतो आणि खालचा घट्ट राहतो, तसे ते असते. या अवस्थेतल्या बर्फावरून घसरण्यासारखे सुख नाही म्हणतात. पण ते सुख तासा-दीड तासाचे. त्यानंतर पाणी खोल मुरते, थर एकमेकांना धरून ठेवत नाहीत, आणि ज्या उतारावर सकाळी हसतखेळत उतरावे तोच उतार दुपारी ओल्या बर्फाचा लोट होऊन खाली येतो. बहुतेक हिमस्खलने तीस अंशांहून उभ्या उतारांवर होतात. आपल्या घरातला साधा जिना जवळजवळ तेवढाच उभा असतो; आणि घसरायला सर्वांत गोड उतारही तोच. म्हणून ही मंडळी पहाटे तीन-चारला, कपाळावर दिवे बांधून निघतात. छातीशी एक लहानसे यंत्र असते. माणूस बर्फाखाली गाडला गेला तर त्याच्या संदेशावरून सोबती त्याला शोधतात. जवळ लांब काठी आणि फावडेही असते. बाहेरून मदत येण्याची वाट पाहून चालत नाही. जगण्याची खरी आशा पहिल्या दहापंधरा मिनिटांतच असते.

आता त्या दिवसाची हकीगत. एप्रिलचा महिना होता. माझा विद्यार्थी आणि त्याचे तीन मित्र पहाटे चार वाजता डोंगरातल्या एका निवाऱ्यातून निघाले. आदल्या संध्याकाळीच त्यांनी आपसांत ठरवले होते की, वरचे कवच वजन पेलत नसेल तर शिखर कितीही जवळ असो, परत फिरायचे. रात्री आभाळ ढगाळलेले होते, त्यामुळे बर्फ हवा तसा गोठलाच नव्हता. सव्वानऊच्या सुमारास शेवटच्या उभ्या उतारापाशी एकाने स्की काढून पाय ठेवला, तो गुडघ्यापर्यंत आत गेला. शिखर दीडशे मीटर वर राहिले होते. चौघांनी एकमेकांकडे पाहिले आणि मुकाट्याने पाठ फिरवली.

ते फिरत असतानाच मागून तिघांची एक टोळी आली. त्यांनीही तो बर्फ पाहिला. पण ते थांबले नाहीत. तासाभराने ते शिखरावर होते आणि त्यानंतर त्याच उतारावरून, आरोळ्या ठोकत, लांबच लांब वळणे घेत खाली आले. उतार कोसळला नाही. बर्फाचा एक गोळाही घरंगळला नाही. दुपारी निवाऱ्याच्या अंगणात दोन्ही टोळ्यांची गाठ पडली तेव्हा त्या तिघांपैकी एकाने माझ्या विद्यार्थ्याच्या पाठीवर थाप मारली आणि, 'आज वरती फार मजा आली, तुम्ही यायला हवं होतं,' असे मनापासून म्हटले. त्यात कुचेष्टा नव्हती. म्हणूनच ते अधिक लागले.

त्या दिवाळीला मुलगा घरी आला होता. संध्याकाळी आमच्या ओसरीवर बसून त्याने हे सारे मला सांगितले. शेवटी थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "सर, एक गोष्ट आईला सांगितलेली नाही. ते तिघं खाली येत होते ना, तेव्हा क्षणभर मनात आलं, की आता उतार तुटावा. म्हणजे आम्ही बरोबर होतो हे सिद्ध होईल. मग माझी मलाच शरम वाटली."

मला त्याच्या प्रामाणिकपणाचे कौतुक वाटले; पण त्याहून अधिक आश्चर्य वाटले ते या गोष्टीचे की, जगाचा न्याय एका सरळ मनाच्या मुलाला कुठवर नेऊन सोडतो! आपली रीत बरोबर होती एवढे त्याला पुरेना. तिच्यावर उत्तराचा शिक्का हवा होता, आणि तो शिक्का तीन माणसांच्या मरणाखेरीज मिळणार नव्हता. परत फिरणाऱ्याला साक्षीदार मिळत नाही, हे त्याचे खरे दुःख. पुढे जाणाऱ्याजवळ शिखराचे छायाचित्र असते. मागे फिरणाऱ्याजवळ न घडलेल्या गोष्टीशिवाय काय असते? आणि न घडलेल्या गोष्टीचे छायाचित्र काढता येत नाही.

कोणी म्हणेल, "मास्तर, उगीच पाल्हाळ लावता. ते तिघे सुखरूप आले, याचा अर्थ उतार सुरक्षित होता. तुमचा विद्यार्थी भित्रा निघाला, एवढेच." हा आक्षेप दिसतो तितका मजबूत नाही. चौथीच्या मुलाला समजेल असा हिशेब करू. समजा, एखादा उतार असा आहे की शंभर वेळा त्यावर गेले तर सरासरीने एकदा तो कोसळेल. म्हणजे नव्याण्णव वेळा तो काहीच करणार नाही, आणि त्या प्रत्येक वेळी उतरलेला माणूस मनाशी म्हणेल, 'बघा, मला बर्फ कळतो!' वस्तुतः डोंगराने त्याला शहाणपणाचे प्रशस्तिपत्र दिलेले नसते. डोंगराने त्याच्याकडे पाहिलेलेही नसते. पण असा माणूस असल्याच उतारावर सत्तर वेळा गेला, तर सत्तरही वेळा सुखरूप परतण्याची शक्यता निम्म्याहून थोडी कमीच उरते. चुकीच्या रीतीला बरोबर उत्तर देणारा मास्तर जितका घातक, तितकाच हा डोंगर घातक आहे. तो नव्याण्णव वेळा शाबासकी देतो आणि शंभराव्या वेळी वहीच फाडून टाकतो.

हे केवळ माझ्या वहीतले गणित नाही. इयन मॅकॅमन नावाच्या एका अमेरिकन अभ्यासकाने १९७२ ते २००३ या काळात अमेरिकेत झालेल्या ७१५ हिमस्खलन-अपघातांच्या नोंदी तपासल्या आणि २००४ साली आपले निष्कर्ष मांडले. त्यांत बर्फाविषयी जितके आहे त्याहून अधिक माणसाच्या मनाविषयी आहे. ओळखीचा उतार असला की शिकलेसवरलेले लोकही गाफील होतात. 'मागच्या वेळी काही झाले नाही' हाच त्यांचा आधार. एकदा शिखराचा संकल्प सोडला की तो मोडवत नाही. बरोबरच्या मंडळींत कोणी अनुभवी म्हणून गाजलेला असला की इतरांचे डोळे मिटतात. आणि पुढे कोणाच्या स्कीच्या रेघा दिसल्या की त्या रेघांनाच वाट समजले जाते. वाचता वाचता मला वाटले, यात बर्फ कुठे आहे? हे तर आपल्या आळीचे वर्णन आहे!

आपल्या घाटातच पाहा ना. वळणावर, समोरचे काही दिसत नसताना, एक मोटारवाला पुढच्या ट्रकला मागे टाकतो. आत बायको असते, मांडीवर मूल असते, मागे म्हातारी आई डोळे मिटून रामनाम घेत असते. समोरून कोणी येत नाही. गाडी पुढे निघते आणि हा गृहस्थ विजयी मुद्रेने म्हणतो, "झालं का काही? नाही ना? उगाच घाबरता तुम्ही!" 'झालं का काही?' हे आपल्या लोकांचे सर्वांत आवडते प्रमाण आहे. या एका प्रश्नापुढे घरातली सगळी शहाणी माणसे निरुत्तर होतात. कारण काही झालेले नसते हे खरेच असते.

त्यात मी पडलो कादंबरीकार, आणि या गैरसमजाला आमचा धंदाही हातभार लावतो. कादंबरीत बेफिकीर माणसाला शेवटल्या प्रकरणात ठेच लावण्याची आमच्या हातात सोय असते. सावध माणसाचे सावधपण फुकट गेले असे लिहिले तर वाचक रुसतात. म्हणून आम्ही पहाटे दरड कोसळवतो, नदीला पूर आणतो, आणि कोणाचे बरोबर होते त्याचा निकाल लावतो. डोंगराला असली सक्ती नाही. तो सावधालाही रिकाम्या हाताने परत पाठवतो आणि बेफिकिराला शिखर दाखवतो. आणि कोणाचे चुकले होते हे कधीच सांगत नाही. आयुष्य कादंबरीपेक्षा डोंगराच्या जातीचे आहे.

आपल्याकडे फळावरची नजर काढून कर्माकडे बघावे असे गीतेपासून आजीपर्यंत सगळ्यांनी सांगितले आहे. पण त्याचा उपयोग आपण एकाच बाजूने करतो. फळ कडू आले की, 'आपल्या हाती काय आहे,' असे म्हणून गीता आठवतो. फळ गोड आले की कोणालाही गीता आठवत नाही! तेव्हा ते फळ आपल्याच अकलेच्या झाडाचे असते. खरे म्हणजे गोड फळाच्या वेळीच तो विचार अधिक हवा. कारण कडू फळ माणसाला विचार करायला लावतेच, गोड फळ मात्र विचाराचे दार लावून घेते.

पण हाच नियम दुसऱ्या टोकालाही लावला पाहिजे, नाहीतर तो नियम नव्हे, नुसता टोमणा होईल. शामोनीहून झेरमॅटला जाणारी आल्प्समधली स्कीची एक प्रसिद्ध लांब वाट आहे. २०१८ सालच्या एप्रिलच्या अखेरीला त्या वाटेवर, पीन्य दारोला नावाच्या पर्वताजवळ, चौदा माणसे अचानक वादळात सापडली. धुक्यात आणि वाऱ्यात त्यांना वाट सापडेना. रात्र उघड्यावर काढावी लागली. त्यांतली सात माणसे दगावली. ज्या निवाऱ्याकडे ती चालली होती तो अवघ्या काहीशे मीटरांवर होता. त्या मंडळींच्या रीतीत काय बरोबर होते आणि काय चुकले, हे ठरवण्याचा अधिकार माझा नाही. मला बोलायचे आहे ते अशा बातम्या वाचणाऱ्यांविषयी. गरम चहाचा पेला हातात घेऊन आपण दोन ओळी वाचतो आणि तिसऱ्या ओळीला निकाल देतो : 'काय गरज होती जायची?' तीच माणसे तासभर आधी निवाऱ्यात पोहोचली असती, तर त्याच निर्णयाला आपण धाडस म्हटले असते. उत्तर पाहून मागाहून रीत लिहून काढणे हीदेखील नक्कलच; वर्गात ती करणाऱ्या मुलाला आपण बाकावर उभे करतो.

म्हणून मला असे वाटते की, हा विचार कठोर आहे तितकाच दयाळू आहे. दैवाने तरलेल्याचा गर्व तो काढून घेतो. पण दैवाने बुडालेल्याच्या उरावरचा दगडही तोच उचलतो. वेळेवर डॉक्टर आणला, सांगितले ते औषध दिले, रात्र रात्र उशाशी बसली, आणि तरीही जिचे मूल गेले अशी आई वर्षानुवर्षे स्वतःला विचारत राहते, 'माझं काय चुकलं?' तिला कोणीतरी सांगायला हवे, "बाई, तुझी रीत बरोबर होती. उत्तर तुझ्या हातचे नव्हते." हे सांगण्याचा हक्क त्यालाच पोहोचतो, ज्याने भरभराटीच्या दिवसांत स्वतःलाही विचारले असेल की, 'उत्तर बरोबर आले खरे, पण माझी रीत बरोबर होती का?'

आता राहिली त्या मुलाची आई. तिचा प्रश्न माझ्या सगळ्या तत्त्वज्ञानापेक्षा सोपा आणि म्हणूनच अवघड होता. ती एक दिवस शाळेतच आली आणि म्हणाली, "सर, तुमचं ऐकतो तो. हा खेळ सोड म्हणून सांगा त्याला. पोटासाठी कोणी समुद्रात जातं, ते समजू शकते मी. पण हौसेसाठी जीव?"

मी म्हणालो, "ताई, दीडशे मीटर राहिले असताना तो मागे फिरला, हे बघा. असं फिरणं हजारांत एखाद्याला जमतं."

ती म्हणाली, "आणि ज्या दिवशी फिरणार नाही, त्या दिवशी?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही. रीत सांभाळणारा माणूस कधीच बुडत नाही, असे तिला सांगणे म्हणजे खोटे बोलणे झाले असते. रीत धोका कमी करते, मिटवत नाही. सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या मुलाला घरात बसवून ठेवण्याचा हक्क आईला आहे असे मला वाटत नाही; पण त्याचा जीव केवळ त्याच्या एकट्याचा आहे, असेही मला म्हणवत नाही. तो दोरीच्या एका टोकाला आहे. दुसरे टोक इकडे एका स्वयंपाकघरात बांधलेले आहे. त्याच्याकडून मागता येण्यासारखी गोष्ट एकच : त्या दुसऱ्या टोकाची आठवण ठेवून दर वेळी रीत पाळावी, आणि सुखरूप परत येणे हा रीतीचा पुरावा मानू नये. मी त्याला तेवढेच लिहिले. त्याचे उत्तर आले की, त्यांच्या टोळीने आता एक शिरस्ता पाडला आहे. डोंगरावरून उतरल्यावर, बूट काढण्याच्या आधी, चौघे एकमेकांना विचारतात : 'आज आपण बरोबर होतो, की नुसते नशीबवान होतो?' पुष्कळदा दुसरेच उत्तर येते म्हणे, आणि ते मोठ्याने म्हणायला फार जड जाते.

ते पत्र मी त्याच्या आईला वाचून दाखवले. काही बोलली नाही; फक्त काही गोष्टी तिने मला पुन्हा पुन्हा समजावून सांगायला लावल्या. बर्फ रात्री का गोठतो, ढग असले तर का गोठत नाही, पूर्वेचा उतार आधी का सैल होतो. फळ्यावर चित्र काढून मी ते सांगितले. गेल्या वसंतात तो डोंगरावरून आल्यावर घरी फोन करी, तेव्हा पूर्वीसारखे, 'पोचलास ना रे सुखरूप?' एवढेच विचारून ती थांबत नसे. तोच मला हसत हसत सांगत होता. फोन उचलल्याबरोबर, इथे अंगणात चांदण्यांकडे बघत उभी असलेली त्याची आई विचारते :

"काल रात्री तिकडे आभाळ मोकळं होतं का? आणि किती वाजता फिरलात?"